‘कुठल्या साइटवर विश्वास ठेवू?’ : एका टीचरच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत टीचरनी सातवीच्या वर्गाला ‘आमचा गोवा’ हा प्रकल्प दिला. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीनंतर अठ्ठावीस वह्या आल्या. सगळ्यांनी माहिती नेटवरून उतरवलेली, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना. तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ कुणी बाराव्या शतकातलं लिहिलं, कुणी तेराव्या; कुणाच्या वहीत ते सांगे तालुक्यात, कुणाच्या धारबांदोड्यात. लता मंगेशकरांचा जन्म अर्ध्या वर्गाने मंगेशीला लावला, अर्ध्याने इंदूरला. ‘2021 च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या’ सहा जणांनी दिली, सहाही आकडे वेगळे. आणि ‘आशियातला पहिला छापखाना गोव्यात’ यावर मात्र अख्ख्या वर्गाचं एकमत. टीचर विचारतात: विश्वासू साइटींची यादी द्याल का? आणि वह्या तपासताना गुण कुणाला देऊ?

टीचर, यादीची मागणी माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येते. चोवीस वर्षं मी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात टेबलामागे बसतोय. पूर्वी लोक विचारायचे ‘कुठलं पुस्तक?’, आता विचारतात ‘कुठली साइट?’. अशी यादी मी एकदा केलीही होती. लॅमिनेट करून टेबलावर ठेवली होती. दोन वर्षांत तिच्यातले निम्मे पत्ते बंद पडले आणि एकावर चक्क रमीची जाहिरात झळकू लागली. (मालकाने पत्त्याचं नूतनीकरण केलं नाही की तो दुसऱ्या कुणालाही विकत मिळतो.) पण मी यादी काढून टाकली ती या कारणासाठी नव्हे.

ती काढली, कारण तिने लोकांचं डोकं बंद व्हायचं. यादीत आहे ना, मग खरंच. आता मराठी विश्वकोश घ्या. जाणकारांनी लिहिलेला, संपादकांनी तपासलेला, आणि आज घरबसल्या फुकट वाचायला मिळतो. मुलांना मी पहिल्यांदा तिथेच पाठवतो. पण त्याचा पहिला खंड 1976 चा. ‘ग’ अक्षराची पाळी आली तेव्हा गोवा हा दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश होता. राज्य झालं 30 मे 1987 ला. तिथला गोव्याचा इतिहास आजही कामाचा आहे, पण लोकसंख्या, कारभार, तालुके त्या काळचे. यात विश्वकोशाचा दोष नाही. आजोबांना गावाच्या जुन्या गोष्टी विचाराव्यात, आज सकाळच्या बसची वेळ विचारू नये, इतकंच.

म्हणजे साइट चांगली की वाईट, या प्रश्नाने काम भागत नाही. एकाच साइटवरचं एक वाक्य भक्कम असतं, दुसरं जुनं झालेलं असतं, तिसरं कुठून तरी उचललेलं. विश्वास एकेका वाक्यावर ठेवायचा असतो, आणि त्या वाक्याला विचारायचा प्रश्न एकच: सांगणाऱ्याला हे कळलं कुठून?

हे किती खोलवर विचारायचं, ते माहिती कशासाठी हवी यावर आहे. शाळेच्या वहीसाठी दहा मिनिटं पुरे. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायच्या का, किंवा जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरचं कुळाचं नाव कमी होतं का, असल्या प्रश्नांत नेटचा उपयोग डॉक्टरला नि वकिलाला काय विचारायचं ते ठरवण्यापुरता. आणि चोडण बेटाची शेवटची फेरीबोट किती वाजता, हे धक्क्यावर विचारा. नेटवर असलेली वेळ कुठल्या वर्षाची आहे हे नेटलाही ठाऊक नसतं.

आता तुमच्या वह्या. चारही घोळ वेगवेगळ्या जातीचे आहेत, म्हणून मला तुमचा प्रश्न आवडला.

लताबाईंचं सोपं आहे. जन्म इंदूरचा, 28 सप्टेंबर 1929. वडील दीनानाथ मंगेशीचे, आडनाव त्या गावावरून. ‘मूळच्या मंगेशीच्या लता मंगेशकर’ हे कुणी तरी बरोबर लिहिलं, पुढच्याने ‘मंगेशीच्या लता मंगेशकर’ केलं, त्याच्या पुढच्याने तक्ता भरताना ‘जन्मस्थळ: मंगेशी’. खोटं कुणीच बोललं नाही. आपुलकीतून झालेली चूक खोडायला मात्र सर्वांत जड जातं. आपल्याच माणसांनी केलेली असते आणि आपल्याला ती हवीशी वाटत असते.

जनगणनेचं त्याहून सोपं. 2021 ची जनगणना झालीच नाही. करोनात पुढे ढकलली गेली. शेवटची पूर्ण झालेली 2011 ची, त्यात गोव्याची लोकसंख्या 14,58,545. पुढचे सगळे आकडे अंदाज आहेत. अंदाज वाईट नसतो, पण ‘अंदाज’ म्हणून आणि कुणी केला ते सांगून द्यावा लागतो. जे पान ‘2021 च्या जनगणनेनुसार’ म्हणतं, त्याने मूळ आकडा कधी उघडून पाहिला नाही हे त्या एका शब्दावरून कळतं. त्या पानावरच्या बाकीच्या वाक्यांनाही मी पेन्सिलने बारीक खूण करून ठेवतो.

तांबडी सुर्ल्याच्या बाबतीत मुलांवर रागावू नका. तालुक्याचं म्हणाल तर दोघंही आपापल्या काळात बरोबर: धारबांदोडा हा तालुका नंतर झाला, त्याआधी हा भाग सांग्यात मोडायचा. जुनी पानं सांगे म्हणतात, नवी धारबांदोडा. शतकाचं प्रकरण जरा वेगळं. एवढ्या जुन्या देवळांचा काळ बऱ्याचदा शैलीवरून ठरवतात. खांब कसे घडवलेत, छतावरचं कमळ कसं कोरलंय, शिखराची ठेवण काय, हे पाहून त्या काळच्या इतर देवळांशी ताडतात. हे कदंब राजांच्या काळातलं, काळ्या बेसाल्टचं देऊळ. अशा ठिकाणी ‘बारावं-तेरावं शतक’ हे गुळमुळीत उत्तर नाही, तेच नेटकं उत्तर आहे. उलट एखाद्या पानाने अमुक सनी, अमुक महिन्यात बांधलं असं ठणकावून सांगितलं तर मी खुर्चीत सरळ बसतो. एवढं नेमकं कळायला शिलालेख नाही तर ताम्रपट हवा. तो कुठे आहे ते त्याने सांगितलंय का? नसेल तर तो नेमकेपणा दुकानातल्या ‘नव्याण्णव रुपये’सारखा, नुसता डोळ्यांत भरायला.

आणि छापखाना. यात मी स्वतः तोंडावर पडलो आहे.

ग्रंथालय सप्ताह, 14 ते 20 नोव्हेंबर. दरवर्षी आम्ही प्रवेशदारात तक्ते लावतो. त्या वर्षी माझ्या वाट्याला मुद्रणाचा इतिहास आला होता. तीन साइटी पाहिल्या, तिन्हींवर एकच, म्हणून निळ्या शाईत मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘आशियातील पहिला छापखाना, 1556, गोवा’. दुसऱ्या दिवशी रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त पोस्टमास्तर तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, “बाबा, चीन आशियातून कधी काढला?”

मला घाम फुटला. लाकडी ठशांनी छापलेल्या वज्रसूत्र या बौद्ध ग्रंथाची चिनी प्रत इ. स. 868 ची आहे. तिच्यावर तारीख आहे आणि ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. कोरियात धातूच्या सुट्या खिळ्यांनी, म्हणजे एकेका अक्षराच्या ठशांनी, छापलेलं 1377 चं पुस्तक आहे, म्हणजे युरोपातल्या गुटेनबर्गच्याही आधीचं. हे सगळं मी कधी तरी शिकलेलो होतो! पण तक्ता लिहिताना तो कप्पा उघडलाच नाही.

संध्याकाळी त्या तीन साइटी परत उघडल्या आणि या खेपेला माहिती न वाचता नुसती वाक्यरचना वाचली. तिन्हींवर तेच वाक्य होतं. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी, आणि ‘सन 1556 साली’ ही दुरुक्तीसुद्धा तिन्हीकडे. मी तीन साक्षीदार तपासले असं समजत होतो, प्रत्यक्षात एकाच साक्षीदाराच्या तीन झेरॉक्स पाहिल्या होत्या. मग त्या वाक्याचा एक तुकडा अवतरणचिन्हांत घालून शोधला. अवतरणचिन्हं घातली की शोधयंत्र तेवढेच शब्द, त्याच क्रमाने शोधतं. ढीगभर पानं आली. तारखेप्रमाणे मागे मागे जात राहिलो तसं वाक्य लांब होत गेलं. एका जुन्या इंग्रजी लेखात ते पुरतं सापडलं: युरोपीय पद्धतीचा, सुट्या खिळ्यांचा छापखाना आशियात पहिल्यांदा आला तो गोव्यात. सेंट पॉल कॉलेजात, जुन्या गोव्याला, 1556 मध्ये. तोही मुळात निघाला होता अबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथियोपियाला, राहिला इथेच. तेव्हा ‘भारतातला पहिला छापखाना’ म्हणा, बिनधास्त म्हणा. ‘आशियातला’ म्हणायचं तर सोबत ‘युरोपीय पद्धतीचा’ हे शब्द न्यावे लागतात, आणि प्रवासात पहिल्यांदा गळतात ते नेमके हेच शब्द.

त्यामुळे टीचर, जिथे वर्गाचं एकमत झालं तेच वाक्य मी आधी तपासलं असतं.

मुलांना दाखवायला याच विषयात एक छान गोष्ट आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याचं इथल्या औषधी वनस्पतींवरचं पोर्तुगीज पुस्तक गोव्यात छापलं गेलं. त्याचं शीर्षकपान स्कॅन होऊन नेटवर आहे. पोर्तुगीज येत नसलं तरी खालच्या ओळीत ‘गोवा’ आणि 10 एप्रिल 1563 ही तारीख सातवीचं पोर बोट ठेवून वाचू शकतं. छापखान्याबद्दलची दहा पानं वाचण्यापेक्षा त्या छापखान्याच्या काळातलं एक पान बघितलेलं बरं. नेट मला सर्वांत आवडतं ते यासाठी. लिस्बनला न जाता मूळ वस्तू बघता येते, आणि तरी आपण वाचत बसतो तिसऱ्याने सांगितलेलं.

अनोळखी साइट समोर आली तर काय करायचं? माझी सवय: ती फार वेळ वाचायची नाही. बाहेर पडायचं आणि तिच्याबद्दल दुसरे काय म्हणतात ते बघायचं. ही सवय मला अनुभवाने लागली, पण अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ती 2017 मध्ये प्रत्यक्ष तपासली. त्यांनी 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि 25 विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्था होत्या, नावं ऐकायला अगदी जुळ्या बहिणी: एक 1930 पासूनची, हजारो सभासदांची, दुसरी 2002 मध्ये वेगळी चूल मांडलेल्या लहान गटाची. पीएचडी झालेले इतिहासकारही साइटीचा लोगो, भारदस्त नाव, खाली दिलेले संदर्भ बघत आतल्या आतच फिरत राहिले, आणि बरेच फसले. तथ्यतपासनीस मात्र चटकन बाहेर पडले, शेजारी नव्या खिडक्या उघडल्या आणि ही संस्था कोण, कुणाची, हे आधी शोधलं. स्थळ बघायला गेलेला माणूस मुलाच्या घरातली सोफा-पडदे बघून परत येत नाही, चार घरं सोडून चहा पितो. तेच.

पत्त्यावरून थोडं कळतं, सगळं नाही. ‘जीओव्ही डॉट इन’ हे शेपूट सरकारी खात्यांनाच मिळतं, ‘डॉट ओआरजी’ पैसे भरून कुणालाही. फक्त सरकारी पानांत शोधायचं असेल तर इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून विसर्गासारखी दोन टिंबं, आणि पुढे ते शेपूट लिहा. पण सरकारी पानही जुनं असू शकतं. खाली शेवटची दुरुस्ती कधी झाली ते बघा. पावसाळ्यात रात्री दहाला ‘उद्या शाळांना सुट्टी’चं परिपत्रक ग्रुपवर फिरतं, तुम्हाला वेगळं सांगायला नको. शिक्का खरा, सही खरी, वर्ष मात्र मागचं.

आता खास आपल्याकडची अडचण, जी बाहेरच्या सल्ल्यांत कधीच नसते. गोव्यातल्या गावांना दोन-दोन नावं आहेत आणि नेटवर ती दोन वेगळी गावं असल्यासारखी वागतात. साखळी रोमन लिपीत ‘सांकेलिम’ होते, डिचोली ‘बिचोलिम’, पेडणे ‘पेर्नेम’, काणकोण ‘कानाकोना’, मडगाव ‘मारगाव’. एकोणिसाव्या शतकातली पणजी शोधायची तर ‘नोवा गोवा’ म्हणून शोधावी लागते, कारण 1843 पासून राजधानीचं नाव ते होतं. देवनागरीत शोधलं तर मराठी वर्तमानपत्रं आणि देवस्थानांची पानं येतात. पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने शोधलं तर गॅझेटियर, दफ्तरं, परदेशी संशोधकांचे लेख. एक वाचक त्याच्या गावाबद्दल ‘नेटवर काहीच नाही’ म्हणून निराश झाला होता. स्पेलिंग बदलून दिलं तेव्हा संध्याकाळपर्यंत उठला नाही. तुमच्या मुलांना गावाची सगळी स्पेलिंगं आधी फळ्यावर लिहायला लावा. निम्मा शोध तिथेच होतो.

विकिपीडियाला शिक्षक उगाच शिव्या घालतात. मी तो खालून वर वाचतो: आधी संदर्भ, मग इतिहासाचा टॅब, शेवटी लेख. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे, आणि गोव्यावरच्या काही लेखांत संदर्भ एकही नाही तर काहींत चांगले वीस आहेत. बिनसंदर्भाचं वाक्य वहीत उतरवायचं नाही, इतका नियम पुरतो. एक खोडी मात्र लक्षात असू द्या: वर्तमानपत्र विकिपीडियावरून उचलतं आणि पुढे विकिपीडिया त्या वर्तमानपत्राचा दाखला देतो. सासूने सुनेला, सुनेने सासूला साक्षीला बोलावलं. अशा वेळी दोघांपैकी आधीची तारीख कुणाची, ते पाहायचं.

एआयच्या उत्तरांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अठ्ठावीस वह्यांतल्या बऱ्याच तिथूनच आल्या असणार. गुळगुळीत मराठी आणि सातवीच्या पोराच्या तोंडी न शोभणारा ‘सांस्कृतिक वारसा’ ही खूण. माझ्याकडे एक पदवीचा विद्यार्थी एआयने दिलेली पाच पुस्तकांची यादी घेऊन आला होता. तीन कपाटात मिळाली. दोन कुठल्याच कॅटलॉगमध्ये नव्हती. लेखक खरा, विषय खरा, पुस्तक कधी लिहिलंच गेलेलं नाही. त्या पोराने मला दोनदा सांगितलं, “सर, नीट बघा, असणारच.” मी या यंत्रांना शब्द सुचवायला वापरतो: आणखी काय नावाने शोधू, पोर्तुगीजमध्ये याला काय म्हणत असतील. त्यात ती हुशार आहेत. उत्तर मात्र त्यांच्याकडून घेत नाही.

आणि काही गोष्टींसाठी नेट बंदच करावं. चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीत कुठली रानफळं असतात, यावर एका मुलीने नेटवरून बारा नावं उतरवली असतील. तिच्या आजीला विचारलं तर ती वीस सांगेल, त्यातली कुठली आता बाजारातच मिळतात आणि कुठलं फळ कुणाच्या भाटातून, म्हणजे बागेतून, मागून आणतात तेही सांगेल. तिला कळलं कुठून, हा प्रश्न तिलाही विचारायचा बरं का. “आम्ही घातलंय” असं म्हणाली तर एक, “असं म्हणतात” म्हणाली तर दुसरं.

राहिला गुणांचा प्रश्न. वहीत उजवीकडे एक बारीक रकाना आखायला सांगा, वर लिहा ‘कुठून कळलं’. त्यात ‘गूगल’ लिहिलेलं चालणार नाही. गूगल म्हणजे रस्ता, घर नव्हे. पानाचं नाव, लिहिणारा, तारीख. पुस्तक असेल तर पान क्रमांक, माणूस असेल तर नातं. तांबडी सुर्ल्याला तेरावं शतक लिहिलं म्हणून कुणाचे गुण कापू नका, रकाना रिकामा ठेवला म्हणून कापा. दोन्ही शतकं लिहून ‘दोन ठिकाणी दोन सापडली’ अशी कबुली दिलेली एखादी वही त्या ढिगात असेल, बहुतेक मागच्या बाकावरच्या पोराची, अक्षर वाईट. पूर्ण गुण तिला. इंदूर लिहिलेल्यांना विचारा की ते कुठून आणलंत. दोघातिघांनी शेजाऱ्याच्या वहीतून आणलेलं असेल, त्यांनी रकान्यात तसं प्रामाणिकपणे लिहावं.

माझा तक्ता अजून आहे. ‘आशियातील’वर पांढरी पट्टी चिकटवून मी ‘भारतातील’ केलं, पण उजेडात धरला की खालचं दिसतं. मुलांना ग्रंथालयात आणलंत तर दाखवीन. पोस्टमास्तर सकाळी साडेनऊ ते अकरा असतात.